बास्शीची मोकळी दुपार

अल्माटी आता मराठी माणसाला परकी राहिलेली नाही. दिल्लीहून चार तासांच्या आत विमान पोचतं, चौदा दिवसांपर्यंत व्हिसाची कटकट नाही, घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं. त्यामुळे कझाकस्तानची चार रात्रींची सहल सुसाट चालते. मेदेउची स्केटिंग रिंक, शिम्बुलाकचा रोपवे, कोक-तोबेची टेकडी, एक दिवस चारिनची घळ आणि रोज रात्री भारतीय जेवण. मी टूर लीडर आहे. व्हिसा लागत होता तेव्हापासून या भागात माणसं नेते आहे. या सहलीवर माझं घर चाललंय, तेव्हा तिला नावं ठेवणार नाही. पण या धंद्यातलं जे काही मला खरोखर समजलं, ते अल्माटीत समजलं नाही. ते तिथून अडीचशे किलोमीटरवरच्या बास्शी नावाच्या गावात समजलं, आणि तेही बऱ्याच उशिरा.

बास्शी हे अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेलं गाव. उद्यानाचं कार्यालय इथे, परवाने इथे, राहायची सोय इथे. उद्यान १९९६ साली झालं, पसारा तीन लाख हेक्टरांहून अधिक. २०२३ मध्ये युनेस्कोने तुरानच्या थंड वाळवंटांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात याचा समावेश आहे. कागदावर एवढं भारदस्त असलेलं हे ठिकाण प्रत्यक्षात समोर येतं तेव्हा गेस्टचा चेहरा बघण्यासारखा असतो. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळट माळ, लांबवर निळसर डोंगर, आणि मध्येच पॉपलरच्या झाडांची एक रांग. त्या रांगेमागे बसकी घरं, निळ्या रंगाच्या खिडक्या, गोठ्यांच्या छपरांवर रचलेलं गवत, टीव्हीच्या छत्र्या. एक शाळा, एक मशीद, दोन-तीन दुकानं. बस थांबते आणि मागच्या सीटवरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, इथे बघायचं काय?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचा राग येणं कधीच बंद झालं. आपल्याकडे सहलीला गेलं की पॉइंट लागतात. महाबळेश्वरला आपण हेच शिकलो: सकाळी अमुक पॉइंट, दुपारी तमुक, संध्याकाळी सूर्यास्ताचा. गाडी थांबते, उतरायचं, कठड्याला टेकून फोटो, मक्याचं कणीस, परत गाडीत. स्टेपच्या माळावर कठडा नसतो. गाडी कुठेही थांबवली तरी चालते आणि कुठेही थांबवली तरी दिसतं तेच. सुरुवातीच्या सहलींत मी या अडचणीवर एकच तोडगा काढायचे. सतत बोलायचे. माइक हातात धरून चंगीझखानापासून रेशीममार्गापर्यंत सगळं ओतायचे, म्हणजे खिडकीबाहेर काही नाही हे कोणाच्या ध्यानात येऊ नये.

तसं रस्त्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे, हेही खरं. इली नदीवरच्या धरणाकाठचं शहर आधी कापचागाय होतं, २०२२ पासून कोनायेव झालं. तिथे जुगाराला कायद्याने परवानगी आहे, म्हणून रस्त्याकडेला कॅसिनोंच्या इमारती दिसतात आणि बसमधले काही काका अचानक जागे होतात. पुढे सारिओझेक लागतं. १९८७ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला, त्यानंतर १९८८ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं याच परिसरात नष्ट केली गेली. मग शोकान नावाचं गाव. शोकान वलिखानोव हा एकोणिसाव्या शतकातला कझाक विद्वान. व्यापाऱ्याच्या वेशात काश्गरला जाऊन आला, दस्तयेव्हस्कीचा मित्र होता, आणि १८६५ मध्ये तिशीही न गाठता वारला. त्याचं संग्रहालय इथे आहे. मी पंधरा मिनिटांचा थांबा देते, त्यातली दहा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात.

उद्यानातली खरी आकर्षणं दोन दिशांना फाकलेली आहेत. एका बाजूला गाणारी वाळू, दुसऱ्या बाजूला अक्ताऊचे पांढरे-तांबडे मातीचे डोंगर. अक्ताऊ हा एका प्राचीन तळ्याचा गाळ. थरावर थर, पांढरा, गुलाबी, विटकरी, आणि त्यांत जुन्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म. मधला कातुताऊ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, काळपट, वाऱ्याने भोकं पाडलेला. या दोन दिशा एका दिवसात होत नाहीत. होतात असं सांगणारे एजंट अल्माटीत भेटतात. ते सकाळी पाचला उचलतात आणि रात्री अकराला हॉटेलवर आणून सोडतात. आत रस्ता म्हणजे खडी, तीही पत्र्यासारखी वळ्यावळ्यांची. कंबर आणि मणके यांची तक्रार असणाऱ्या वयाचे माझे बहुतेक गेस्ट असतात.

गाणाऱ्या वाळूची गोष्ट आधी सांगते. बृहत् आणि लघु कल्कान अशा दोन डोंगरांच्या मध्ये वाऱ्याने आणून टाकलेली ही वाळूची टेकडी सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दीडशे मीटरपर्यंत उंच आहे. कोरड्या हवेत वाळूचे कण एकमेकांवरून घसरले की तिच्यातून घुमणारा आवाज निघतो, विमानाच्या इंजिनासारखा खोल. पाऊस पडून गेला असेल तर ती मुकी. आमच्या जाहिरातीत 'गाणारी वाळू' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि 'कोरड्या हवेत' हे कुठेच नव्हतं. एका मे महिन्यात आदल्या रात्री पाऊस झाला होता. बत्तीस माणसं धापा टाकत वर चढली, बसून घसरली, कान लावून ऐकत राहिली. काही नाही. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी खाली आल्यावर विचारलं, "याचे पैसे आम्ही कोणाकडून मागायचे?" विनोद नव्हता तो. संध्याकाळी त्यांनी खरोखर लेखी तक्रार दिली. आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती योग्यच होती. छापलं ते मिळालं नाही.

माझा स्थानिक ड्रायव्हर, बास्शीचाच, चाळिशीतला, हे सगळं बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, चेहरे कळत होते. त्याने मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं, की त्याच्या लहानपणी वडील मेंढ्या घेऊन इकडे यायचे तेव्हा आठवडा-आठवडा वाळू बोलायची नाही. मग एखाद्या दुपारी आपण चहा पीत असताना बोलायची. हे मी त्या दिवशी गेस्टना भाषांतरून सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, त्यांच्याकडे आठवडा नव्हता.

प्राण्यांचंही असंच. ताडोब्याला किंवा पेंचला जाऊन आलेला माणूस इथे येतो तेव्हा त्याच्या डोक्यात जिप्सी, गाइडच्या वॉकीटॉकीसारखी कुजबुज आणि 'दिसला का' हा हिशेब असतो. अल्तिन-एमेलमध्ये कुलान आहेत, म्हणजे रानगाढवं. आपल्या कच्छच्या छोट्या रणातल्या रानगाढवाच्याच जातीतली, उपजात वेगळी. त्यांची कहाणी मोठी आहे. अरल समुद्रातल्या बार्साकेल्मेस बेटावर ती राखली होती. समुद्र आटत गेला, बेटावरचं प्यायचं पाणी गेलं, तेव्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून काही जनावरं इकडे आणली. आता हजारोंच्या संख्येत आहेत. पण दिसतात कशी? क्षितिजावर धुळीची एक रेघ पळते. ड्रायव्हर म्हणतो, कुलान. दुर्बीण पहिल्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत धूळ खाली बसलेली असते. चिंकाऱ्याचा नातेवाईक जैरान थोडा जवळ येऊ देतो, तोही शेपटी उभी करून निघून जातो. २००३ मध्ये म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयातून प्रझेवाल्स्कीचे रानटी घोडे आणले होते. त्यांचं नाव मी आता आधी घेतच नाही. दिसले तर सांगते.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सहली तिथेच मोडतात. कझाक यजमानाच्या लेखी पाहुण्याला मांस न वाढणं म्हणजे त्याचा अपमान. मेंढीचं, घोड्याचं. मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं शिजवलेलं मुंडकं ठेवायची रीत आहे, आणि माझ्या गटातला सर्वांत ज्येष्ठ माणूस बहुधा सदाशिव पेठेतला शाकाहारी असतो. म्हणून ते मुंडकं मी फोनवरच थांबवते. शाकाहारी म्हणजे काय हे समजावणं जास्त कठीण. पहिल्या वर्षी आमच्या गेस्टहाउसच्या बाईंनी मोठ्या आनंदाने सूप आणलं. मांसाचे तुकडे काढून टाकलेले होते, रस्सा तोच. त्यांच्या दृष्टीने झालं शाकाहारी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, या सगळ्यांना पोटाचा आजार आहे का? वीस-पंचवीस धडधाकट माणसं मांस खात नाहीत याला त्यांना दुसरं कारण सुचेना.

एका सहलीत काही बायकांनी वाढलेल्या ताटांकडे न बघता तिथेच, त्याच टेबलावर, दशम्या, मेतकूट आणि चटणीचे डबे उघडले. यजमानीणबाई दारात उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी हळूहळू आपल्या बशा उचलल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. दशम्या खाण्यात गैर काही नाही, माझ्याही पिशवीत असतात. पण कुणाच्या घरात, कुणाच्या दस्तरखानावर, कुणाच्या डोळ्यांदेखत, हे बघायला हवं. तेव्हापासून बास्शीत पोचण्याआधी बसमध्ये मी पाच मिनिटं फक्त याच विषयावर बोलते, आणि बाईंना आधी यादी पाठवते: बटाट्याचे काप, टोमॅटो-काकडी, साय, जॅम, ताजा नान, तळलेले बाउरसाक. बाउरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ते गरम असले की आपली माणसं बशीच्या बशी फस्त करतात.

मांसाहारी गेस्टांचं वेगळंच. कोल्हापूर-साताऱ्याकडची मंडळी मोठ्या अपेक्षेने बेशबर्माकवर बसतात आणि पहिल्या घासाला थांबतात. रुंद शेवया, वर उकडलेलं मांस, कांदा, मिरी, संपलं. "हे तर पथ्याचं," असं एक काकू म्हणाल्या आणि पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी निघाली. यजमानीणबाईंनीही चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळ्यांत पाणी आलं, खोकत खोकत हसल्या आणि डबी परत द्यायला तयार होईनात. घोड्याचं मांस समोर आलं की विचारल्याशिवाय मी सांगत नाही, विचारलं की खोटं बोलत नाही.

आणि चहा. कझाक लोक आपल्यासारखाच दूध घालून कडक चहा पितात, पण पियाल्यात अर्ध्याहून कमी ओततात. आमच्या एका पुणेकर काकांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हटलं, "इथेही पेठ आहे वाटतं." खरं तर तिथे भरलेला प्याला म्हणजे आता उठा असा इशारा. अर्धा म्हणजे बसा, गरम गरम पुन्हा देते, पुन्हा देते. हे सांगितल्यावर काकांनी सात प्याले घेतले.

आता ती रात्र, जिच्यामुळे माझ्या सहलीचा आराखडा बदलला. गटात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते, एकटेच आलेले. बास्शीत त्या वेळी गेस्टहाउसचा संडास अंगणाच्या टोकाला, लाकडी खोपट्यात. रात्री एकच्या सुमाराला त्यांनी माझं दार वाजवलं. लघवी संध्याकाळपासून बंद झाली होती, पोट फुगलं होतं, वेदनेने घामेघूम. प्रोस्टेटचा त्रास होता हे त्यांनी सहलीच्या फॉर्मवर लिहिलं नव्हतं. लिहिलं तर कंपनी नाही म्हणेल ही भीती. मोठं रुग्णालय सारिओझेकच्या पलीकडे. मी यजमानीणबाईंना उठवलं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, खाणाखुणांनी सांगितलं ते कळलं, शाल घेतली आणि अंधारात निघून गेल्या. वीस मिनिटांत गावच्या दवाखान्यातल्या फेल्डशर बाईंना घेऊन आल्या. फेल्डशर म्हणजे डॉक्टर नव्हे, पण नर्सहून अधिक शिकलेली, सोव्हिएत काळापासून खेड्यापाड्यांची सगळी मदार यांच्यावर. त्यांच्यामागे शाळेतला एक पोरगा, इंग्रजी येतं म्हणून झोपेतून उठवून आणलेला, आणि माझा ड्रायव्हर, गाडी चालू ठेवून उभा.

तो पोरगा पडद्याबाहेरून भाषांतर करत होता. त्याला ते शब्द शाळेत शिकवलेले नव्हते आणि माझे गेस्ट लाजेने ते उच्चारत नव्हते. शेवटी फेल्डशर बाईंनी सगळ्यांना गप्प केलं, हातमोजे घातले आणि कॅथेटर घातला. अर्ध्या तासात माणूस शांत झोपला. पहाटे ड्रायव्हरने त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं. पैसे विचारले तर फेल्डशर बाईंनी हात झटकला, आणि मी जरा जास्तच आग्रह केला तेव्हा रागावल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्ताऊला जाऊ शकलो नाही. ड्रायव्हर रात्रभर जागा होता, त्याला तसं गाडी चालवायला लावणं मला मान्य नव्हतं. गटापुढे उभी राहून मी सांगितलं, आज कार्यक्रम नाही. तिघे-चौघे चिडले. बाकीच्यांनी मग ज्याला जे सुचलं ते केलं. काही बायका स्वयंपाकघरात शिरल्या. दोघे निवृत्त शिक्षक शाळेच्या मैदानाकडे गेले आणि पोरांच्या व्हॉलीबॉलमध्ये अंपायर झाले. एक काका दुकानाबाहेरच्या बाकावर एका म्हाताऱ्या कझाक आजोबांशेजारी बसले. आजोबांनी सैन्यात असताना पाहिलेल्या 'सीता और गीता'चं नाव काढलं, तिकडे ती 'झीता आणि गीता' म्हणून गाजली होती. दोघांना एकमेकांचं एक वाक्य कळत नव्हतं, तरी दोन तास बसले. संध्याकाळी गुरं माळावरून परत आली. राखणदार कोणी नाही, प्रत्येक गाय आपापल्या फाटकाशी जाऊन उभी राहते आणि आतून कोणीतरी येऊन फाटक उघडतं. आमचे सगळे गेस्ट रस्त्यावर उभे राहून ते बघत होते. 'बघायचं काय' असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मीही माइक घेतला नव्हता.

परत आल्यावर मी कार्यालयात सांगितलं, बास्शीत दोन रात्री आणि त्यात एक मोकळी दुपार हवी. उत्तर आलं, मोकळ्या दुपारचे पैसे गेस्ट का देतील? धंद्याच्या दृष्टीने बिनतोड प्रश्न. वाद बराच चालला. शेवटी आम्ही तिला 'ग्रामजीवन दर्शन' असं नाव दिलं तेव्हा ती छापली गेली. मला ते नाव आवडत नाही. पण दुपार मिळाली.

ती सगळ्यांनाच आवडते असं नाही. दर गटात कोणीतरी खोलीत पडून मोबाइल बघतं आणि अभिप्रायात 'वेळ वाया' लिहितं. त्यांना मी समजवायला जात नाही. काही माणसांना माळ मानवत नाही, जशी मला स्वतःला क्रूझ मानवत नाही.

त्या मोकळ्या दुपारींनी मला जे दाखवलं ते माइकवरून सांगता आलं नसतं. मे महिन्याच्या शेवटी एका शुक्रवारी यजमानीणबाईंच्या सासूबाई, गावच्या भाषेत अपा, कढईत काहीतरी तळत होत्या. आमच्या एका ताई ओरडल्याच, "अगं बाई, पुरी!" पातळ लाटलेली, फुगलेली. गटातल्या शाकाहाऱ्यांनी ताव मारला. अपा समाधानाने वाढत होत्या. खाणं झाल्यावर त्या शाळकरी भाषांतरकाराने सांगितलं, याला शेलपेक म्हणतात, सात तळायचे आणि वाटायचे, घरातल्या गेलेल्यांच्या नावाने. कोणाच्या नावाने, असं ताईंनी विचारलं. अपांच्या आईच्या माहेरचं जवळजवळ सगळं कुटुंब १९३०च्या दशकातल्या दुष्काळात गेलं होतं. १९३० ते १९३३ या काळात सोव्हिएत सत्तेने भटक्या पशुपालकांची जनावरं काढून घेतली, त्यांना जबरदस्तीने एका जागी बसवलं, आणि सुमारे पंधरा लाख माणसं उपासमारीने मेली. स्टेपवरची पुष्कळशी खेडी या बसवण्यातूनच उभी राहिली. ३१ मे हा तिकडे त्या बळींचा स्मृतिदिन. हे सगळं मला माहीत होतं, मी बसमध्ये सांगतही असे, रेशीममार्ग आणि कॅसिनो यांच्या मध्ये कुठेतरी. त्या दुपारी ताईंनी न बोलता लाटणं हातात घेतलं आणि उरलेल्या पिठाचे शेलपेक लाटून दिले. पितरांसाठी तळायचं कसं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

दुसरी दुपार बेसशातिरची. उद्यानाच्या पश्चिमेकडच्या भागात इलीच्या खोऱ्यात एकतीस कुर्गान आहेत, म्हणजे शकांच्या राजघराण्यातल्या माणसांची मातीदगडांची थडगी. सर्वांत मोठं सतरा मीटर उंच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथे उत्खनन झालं. आत स्प्रूसच्या ओंडक्यांची दफनघरं सापडली, सोनंनाणं मात्र चोरांनी केव्हाच नेलं होतं. जायला आडवळण म्हणून बहुतेक सहली हे गाळतात. आमच्या गटात नाशिकच्या एक निवृत्त इतिहास शिक्षिका होत्या. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्या त्या ढिगाऱ्याभोवती पूर्ण फेरी घालून आल्या आणि दगडावर बसल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना पांडवलेण्यात नेलं. नहपानाचा जावई उषवदात लेण्यातल्या लेखात स्वतःला शक म्हणवतो. आणि त्याच लेण्यांत बाजूला गौतमी बलश्रीचा लेख, माझ्या मुलाने शकांचा नाश केला म्हणून. मुलं विचारायची, बाई, हे शक आले कुठून? मी नकाशावर वर कुठेतरी हात फिरवायची." मग त्यांनीच बजावलं, की या थडग्यांतली माणसं आणि नाशिकचा उषवदात यांच्यात काही शतकं आणि हजारो मैल आहेत, टोळ्या अनेक होत्या, सरळ वंशवेल कोणी काढू नये. पण घरच्या पंचांगावर रोज शके बघणारी माणसं आपण, आणि त्या नावाच्या लोकांच्या मुलखात उभे आहोत, एवढं म्हणायला हरकत नाही, असंही म्हणाल्या. तोवर ऊन कलायला लागलं होतं. गटातलं कोणीही 'चला' म्हणालं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे क्वचित घडलंय.

या गावाबद्दल मला काळजीही वाटते. सोव्हिएत काळातली सामुदायिक मेंढीपालनाची व्यवस्था १९९०च्या दशकात कोसळली आणि तरुण पोरं अल्माटीकडे गेली. आता जे काम आहे ते उद्यानाचं आणि आमच्यासारख्यांचं. आपल्याकडे ताडोब्याच्या दाराशी मोहर्लीसारख्या गावांत काय झालं ते मी पाहिलंय. गाइड, जिप्सीवाले गावचे झाले हे चांगलं. मोठी रिसॉर्टं मात्र बहुतेक बाहेरच्यांची. बास्शीत अजून तसं नाही. गेस्टहाउस म्हणजे कोणाचं तरी घर, त्यात मागचं खोपटं जाऊन आता आत नळाचा संडास आलाय, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण अल्माटीचे एजंट दर पाडून मागतात, जेवणाचे डबेही शहरातूनच आणतात, आणि गावाच्या वाट्याला परवान्याची पावती आणि टायरची धूळ येते. आमच्या कंपनीनेही हे केलंय. मी भांडून जेवण गावात आणि ड्रायव्हर गावचा एवढं पदरात पाडून घेतलं. दर वाढवून घेणं अजून जमलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर मेचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर निवडा. जुलैत ऊन चाळीस अंशांपर्यंत जातं, हिवाळ्यात थंडी उणे तीसपर्यंत. एका दिवसात अल्माटीला परत आणणारी सहल स्वस्त पडली तरी घेऊ नका, बास्शीत दोन रात्री राहा. उद्यानात मोबाइल चालत नाही, घरी आधीच सांगून ठेवा. प्रोस्टेट, साखर, हृदय, जे काही असेल ते फॉर्मवर खरं लिहा. कंपनीने नाही म्हटलं तर दुसरी शोधा, पण लपवू नका. तिथल्या तेंगेमध्ये थोडी रोकड जवळ ठेवा आणि जेवणाचे पैसे गेस्टहाउसच्या बाईंच्या हातातच द्या, एजंटाच्या नव्हे.